समासातलं ‘नक्की करा’

या अंकाचं प्रूफ जे कुणी तपासत असेल, त्याला आधीच सांगून ठेवते. लेखाच्या शेवटच्या चार ओळींना हात लावायचा नाही. तिथं जे आहे ते मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहिलंय. एवढं बजावायचं कारण, मीही त्याच धंद्यातली आहे आणि आपल्या लोकांचा हात कसा शिवशिवतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

तेहतीस वर्षं मी नांदेडात प्रूफं तपासली. जुन्या गावातल्या एकाच प्रेसमध्ये. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हापासून होते, कॉम्प्युटर आले तरी होते. आता घरीच असते, पण प्रेसचे मालक रियाजभाई अजूनही अडलं की गठ्ठा पाठवून देतात. या अंकाचे संपादक म्हणाले, “ताई, धंद्यातल्या गमतीजमती लिहा.” गमती आहेत, सांगते. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हो म्हणलं.

लोकांना वाटतं प्रूफ वाचणं म्हणजे वाचणं. अजिबात नाही. वाचणारा माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो. नायिका नदीत पडली म्हणलं की त्याच्या काळजात धस्स होतं. मी बघते, ‘नदीत’मधली दुसरी वेलांटी पहिली तर झाली नाही ना. तिला बाहेर कोण काढतं ते माझ्या कामाचं नाही. हा धंदाच संशयाचा आहे, आणि संशय एकदा अंगात मुरला की घरी गेल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. भाजीवाल्यानं ‘ताजी’ पालक म्हणलं तरी मी आधी काडी मोडून बघते.

आमची हत्यारं दोनच. एक लाल पेन आणि दुसरा समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा. चूक दिसली की खोडायची आणि समासात बरोबर काय ते लिहायचं. चूक आहे का नाही हेच कळत नसलं, तर समासात लिहायचं, ‘नक्की करा’. मग ते लेखकानं ठरवायचं. आणि आपणच चुकून बरोबर शब्द खोडला असला, तर त्याच्याखाली टिंबं टिंबं द्यायची आणि लिहायचं, ‘राहू द्या’. ही तिसरी खूण मी फार कमी वापरली. तिचा अर्थ, बाई चुकल्या. आणि मी चुकत नव्हते, असा माझा समज होता.

संशय घ्यायला मला शिकवलं ते एका कैलासवासी माणसानं. कंधारच्या एका गुरुजींच्या निवृत्तीचा गौरव अंक आमच्याकडं आला होता. शेवटच्या पानावर शुभेच्छा देणाऱ्यांची लांबलचक यादी. तेव्हा मी नवी होते, यादीत काय बघायचं म्हणून नुसती नजर फिरवली. अंक निघाला आणि दुसऱ्या दिवशी एक धिप्पाड माणूस प्रेसच्या दारात उभा. त्याच्या नावाआधी ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ छापलं गेलेलं. तो म्हणाला, “बाई, बायको रडून राहिलीय. मी समोर बसलोय तरी रडून राहिलीय. अपशकुन म्हणते.” दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून यादी आली की मी समासात लिहायला लागले, ‘जिवंत आहेत का, नक्की करा’. कधी कधी स्वतः फोन लावायचे. मुदखेडच्या एका आजोबांनी फोन उचलला आणि माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला. “मीच बोलायलोय,” म्हणाले. “सध्या तरी हाय.”

अलीकडं या धंद्यात एक नवीन पीडा आली, ती म्हणजे यंत्रानं केलेलं भाषांतर. इंग्रजी मजकूर एका बाजूनं टाकला की दुसऱ्या बाजूनं मराठी पडतं. ते ओळखायची माझी एक खूण होती आणि तिचा मला लई अभिमान होता. इंग्रजीत माणूस ‘मी गेलो’ म्हणतो का ‘मी गेले’ म्हणते, ते क्रियापदावरून कळतच नाही. दोन्हीला एकच. त्यामुळं यंत्राला पत्ता लागत नाही की बोलणारा बाप्या आहे का बाई. ते एका ओळीत ‘गेलो’ करतं आणि पुढच्या ओळीत ‘गेले’. पाण्याच्या पंपाचं एक माहितीपत्रक आलं होतं. त्यात एक शेतकरी म्हणतो, ‘हा पंप घेऊन मी अतिशय खूश झाले.’ वर फोटो, आणि फोटोत ही मोठी मिशी! रियाजभाई पोट धरून हसले. मी मात्र ते मनात टिपून ठेवलं. आलो-आलेची सरमिसळ दिसली की समजायचं, माल चोरीचा.

तीन वर्षांपूर्वी लातूरहून एक पुस्तक आलं. तिथल्या एका कॉलेजातले बिराजदार सर तरुणांनी तरुणांसाठी लिहिलेल्या पुस्तकांची एक माला काढतात. तिचं छपाईचं काम आमच्याकडं असायचं. ही कादंबरी होती. लिहिणारी पोरगी एकोणीस वर्षांची, चाकूरची, असं सरांनी कळवलं होतं. (चाकूर मी लिहिलंय. ते चाकूर असेल किंवा नसेल. तुम्ही शोधत बसू नका.)

गोष्ट अशी. एका गावात पाणी आटलेली बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. सोळा वर्षांचं एक माणूस, ज्याला पुस्तकात ‘मी’ एवढंच नाव आहे, त्या पायऱ्या उतरत जातं. तळाला पोचतं तर तिथंही तेच गाव. तीच घरं, तीच शाळा, तेच पिंपळाचं झाड, पण तिथं पाणी आहे. आणि तिथं मेहेर नावाची, सायकली दुरुस्त करणारी एक मुलगी आहे. तिच्यावर या ‘मी’चा जीव जडतो. मग वरचं गाव का खालचं, अशी ओढाताण. असलं काही मी कधी वाचलं नव्हतं. आमच्या वेळी भूत तरी सरळ भूत असायचं.

पान नऊवर होतं, ‘मी घरातून निघाले.’ पान अकरावर, ‘पाणी बघून मी हरखलो.’ माझे कान लगेच टवकारले. मी समासात लिहिलं, ‘मुलगा की मुलगी? नक्की करा.’ पुढं पुन्हा निघाले, पुन्हा पोचलो. ‘नक्की करा.’ ‘नक्की करा.’ पान साठपर्यंत समास लालेलाल झाला. तिथं मी थांबले. भाषा चांगली होती, उलट जरा जास्तच चांगली होती, त्यानं तर संशय अजून वाढला. एकोणीस वर्षांच्या पोरीला हे सुचतंय कुठून? मी पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून टाकलं, ‘हे लेखन मूळ मराठी वाटत नाही. इंग्रजी पुस्तकाचे यंत्राने केलेले भाषांतर असावे. मूळ पुस्तक शोधावे.’ खाली माझी सही. आणि गठ्ठा लातूरला परत.

सरांचा लगेच फोन. “ताई, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. बरं झालं छापायच्या आधी सापडलं. हिचे वडील आमच्याच संस्थेत शिक्षक आहेत. सोमवारी त्यांनाच बोलावून घेतो. लेकीला काय सवय लागलीय ते कळू द्या त्यांना.”

मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी दुपारी प्रेसमध्ये एक पोरगी आली. लांब वेणी, मोठ्या भावाचा असावा असा सैल शर्ट, खांद्याला जड पिशवी. हातातल्या फोनमध्ये माझ्या लाल चिठ्ठीचा फोटो होता. सरांनीच पाठवला होता. मी म्हणलं, “कुठून आलीस?”

“चाकूरहून. बस अहमदपूर-लोहा करत आली. तीन तास लागले.”

“एकटीच आलीस?”

“सोबत कुणी नाही.”

“जेवलीस का?”

“माझं झालंय.”

माझा कान असल्या बाबतीत लई वाईट आहे. तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं बाजूनं. सरळ ‘आले’ नाही, ‘एकटीच’ नाही, ‘जेवले’ नाही. माणूस सरळ बोलत नाही म्हणजे काहीतरी दडवतंय. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हणलं आणि चष्मा पुसला.

“काकू, ते चोरलेलं नाही,” असं म्हणून पिशवीतून सात वह्या निघाल्या. सगळ्यांना खाकी कव्हर आणि वर सुंदर अक्षरात ‘रसायनशास्त्र’.

“हे काय?”

“हीच कादंबरी. रसायनशास्त्र लिहिलं की घरी कुणी उघडून बघत नाही.”

मी पानं उलटली. शाई वेगवेगळी, काही पानांवर चहाचे डाग. ‘गेले’ खोडून ‘गेलो’ केलेलं, कुठं ‘गेलो’ खोडून पुन्हा ‘गेले’. दुसरं कुणी असतं तर तिथंच पाघळलं असतं. मी नाही. नक्कल करणाराही हातानंच लिहितो, आणि भाषांतर करणाराही अडखळला की खोडतोच. मी म्हणलं, “वह्या मला पटत नाहीत. तू वाचून दाखव.”

“ताई,” पलीकडून रियाजभाई म्हणाले, “लेकराला आधी पाणी तर द्या. कवाधरनं उभं हाय.”

हा रियाजभाईंचा शब्द मी तिथून पुढं उचलला. आमच्याकडं लेकरू म्हणलं की मुलगा का मुलगी ते कळत नाही. लेकरू येतं, लेकरू जातं. प्रूफवाल्या बाईला असा शब्द सापडला की सोडवत नाही.

वाचून दाखवणं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. खिळ्यांच्या काळात प्रूफ दोघांनी तपासायचं. एकानं मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या पानावर बोट ठेवून जुळवायचं. वाचणाऱ्यानं चिन्हंसुद्धा म्हणायची, ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’. माझा अनुभव असा, की डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं माणूस कसं वाचतं आणि स्वतःचं कसं, ते दोन पानांत कळतं. लेकराला मी रीत समजावली, वही त्याच्या हातात दिली आणि त्याच साठ पानांची प्रेसमधली दुसरी प्रत घेऊन समोर बसले.

“मी घरातून निघाले स्वल्पविराम मागचं दार लावलं पूर्णविराम. बारवेच्या काठावर बसले पूर्णविराम.” शाळेत धडा म्हणतात तसं, एका सुरात. “दहाव्या पायरीवर चप्पल काढली पूर्णविराम. विसाव्या पायरीवर वर वळून बघितलं पूर्णविराम. अंधार मोजला, पायऱ्या मोजल्या.” इथं चिन्हं म्हणायची राहिली. “खाली पोचलो. पाणी बघून मी हरखलो, तसाच धावत सुटलो, पिंपळापाशी मेहेर सायकल उलटी करून बसली होती आणि मी हसलो...”

एकही चिन्ह नाही. लेकरू विसरूनच गेलं. आवाज बदलला होता, मान वर झाली होती. मी टोकलं नाही. बोट पानावर तसंच ठेवून मी पुढं ऐकत राहिले. ते वरच्या गावात परत आलं की ‘आले स्वल्पविराम’. खालच्या गावात गेलं की नुसतं ‘आलो’. आणि पायऱ्यांवर? पायऱ्यांवर ‘काढली’, ‘बघितलं’, ‘मोजला’. मराठीत ‘मी बघितलं’ म्हणलं की बघणारा बाप्या का बाई ते कळत नाही. साठच्या साठ पानांत पायऱ्यांवर एकदाही ‘गेलो’ नव्हतं आणि ‘गेले’ही नव्हतं. वर एक, खाली एक, मधे कुठलंच नाही. एवढं नेमकं कुठलं यंत्र करतं? तेहतीस वर्षं क्रियापदं तपासणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं, कारण बाईनं वाचलंच नव्हतं. बाई चुका शोधत होत्या.

“हे मुद्दाम केलंस?” मी विचारलं.

“हाव.”

“मग पुस्तकात कुठं सांगितलं का नाही?”

“सांगता आलं असतं तर पुस्तक कशाला लिहिलं असतं, काकू?”

मग लेकरू बोललं. रियाजभाई मशीनकडं निघून गेले. त्यांना अशा गोष्टी बरोबर कळतात. लेकरू म्हणालं, “आम्ही लई जण इंग्रजी वाचतो. लातूरला अभ्यासिकेत बसायचं, समोर जीवशास्त्र उघडायचं आणि फोनवर वाचायचं. दुसऱ्या ग्रहावरच्या गोष्टी, दोनशे वर्षांनंतरच्या गोष्टी. त्यात आमच्यासारखी पोरं असतात. कुणी पोरगी असून पोरीवर जीव लावते. कुणाला सगळे पोरगी म्हणतात, पण तो आतून पोरगा असतो, आणि तिथं त्याला तसं राहता येतं. राक्षस, जादू, उडती जहाजं सगळं असतं, पण मला नवल फक्त या एकाच गोष्टीचं वाटायचं. की तिथं त्याला कुणी मारत नाही.”

“मग इंग्रजीतच लिहायचं.”

“इंग्रजीत ‘आय’ म्हणलं की भागतं. पुढचं क्रियापद कुणाला काही सांगत नाही. मराठीत तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. ‘गेले’ म्हणलं की मी खोटं बोलतो. ‘गेलो’ म्हणलं की आई कानाखाली देते. म्हणून मी वाक्यं फिरवून बोलतो. ‘माझं जेवण झालं.’ ‘मला निघायचंय.’ ‘बस आली.’ दिवसभर असंच. थकायला होतं, काकू. निदान पुस्तकात तरी एका गावात सरळ बोलावं म्हणलं.” मग ते म्हणालं, “आणि तुम्ही प्रत्येक पानावर लिहिलंत, नक्की करा.”

मी समोरची पानं उलटी करून ठेवली.

“सोमवारी बाबांना बोलावलंय. आलो-आले असं का लिहिलं ते खरं सांगितलं, तर चोर ठरणार नाही, पण मग घर सुटलं. नाही सांगितलं तर चोर. आता तुम्हीच सांगा, काय नक्की करू?”

इथं मला माझ्या सासूबाईंचं सांगायला पाहिजे. त्या सांगलीकडच्या. तिकडं खेड्यापाड्यांत बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. आमच्या सासूबाई देवळातून परत यायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, “सूनबाई, आलो गं!” मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, नवी सून. मला लाज वाटायची. “आई, आले म्हणा. इकडं लोक हसतात.” हसत कुणीच नव्हतं. त्या बाप्या आहेत का बाई असा संशयही कधी कुणाला आला नाही. फक्त माझा हात शिवशिवायचा. पाच-सहा वर्षं मी त्यांना दुरुस्त केलं. पुढं पुढं पाहुणे आले की त्या ‘हं’, ‘झालं’, ‘असू दे’ एवढंच बोलायला लागल्या. दारातून ओरडणंही थांबलं. मी माझ्या बहिणीला कौतुकानं सांगितलं होतं, आमच्या सासूबाई आता शुद्ध बोलतात. समोर बसलेल्या लेकराचं ‘माझं जेवण झालं’ ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, मी त्यांचं काय केलं होतं. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माफी मागायला माणूस शिल्लक नव्हतं.

मला सगळं समजलं असा माझा दावा नाही. आजही काही गोष्टी डोक्यावरून जातात. पण चूक कुणाची, एवढं तरी समजलं होतं. मी म्हणलं, “वह्या इथं ठेव. सोमवारच्या आत बघते मी. आणि घरी पोचल्यावर फोन कर.”

संध्याकाळी फोन आला. “घर आलं, काकू.” मागून कुणीतरी भांडी घासत होतं. मीसुद्धा तोवर शिकले होते. म्हणलं, “बरं. जेवण करून घे.”

शनिवारी दिवसभर मी सातही वह्या वाचल्या. तपासल्या नाहीत, वाचल्या. मेहेर ‘मी’ला डबलसीट घेऊन नदीच्या पुलावरून जाते तिथं तर मी पेन खाली ठेवलं. पुढं काय होतं याची हुरहूर लागणं हे या धंद्यात माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी ‘मी’ वर परत येतो का नाही, ते सांगत नाही. पुस्तक कधी हाती लागलं तर वाचा.

रविवारी सकाळी मी बिराजदार सरांना फोन लावला. “सर, ते पुस्तक अस्सल आहे. चूक माझी झाली.”

“ताई? परवापरवा तर तुम्ही छातीठोक सांगत होता.”

“तेव्हा मी साठ पानं बघितली होती. आता सगळं वाचलंय, हातानं लिहिलेल्या वह्यांसकट.”

“अन् मग ते आलो-आले?”

“वरचं गाव कोरडं, खालचं ओलं. लेखकानं दोन गावांना दोन क्रियापदं दिलीत, पायऱ्यांवर तिसरीच तऱ्हा. व्याकरणाचा खेळ आहे, सर. एक जागा चुकलेली नाही.” हे खरं होतं, आणि पुरतं खरं नव्हतं. असलं अर्धं खरं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी लाल केलं असतं.

सर मुरलेले. “काहीतरी लपवता काय ताई? नाही म्हणजे, मला एकदा वडलांशी बोलावंसं वाटतं. किंवा आपण असं करू, सगळीकडं ‘आले’ करून टाकू. भानगडच नको.”

“वडलांशी बोला की. पण माझी लाल चिठ्ठीही दाखवा त्यांना. सांगा, आमच्या प्रूफवाल्या बाईनं अर्धवट वाचून तुमच्या लेकरावर चोरीचा आळ घेतला, आणि मीही न वाचता तो खरा मानला. आणि सगळीकडं ‘आले’ करणार असाल तर दुसरी बाई बघा. मी ते प्रूफ तपासणार नाही.”

संस्थेतल्या सहकाऱ्यासमोर असं तोंडघशी पडायची सरांची तयारी नसावी. शेवटी ते म्हणाले, “तुम्ही एवढं म्हणता, तर राहू द्या मग.”

राहू द्या. त्यांना ठाऊक नव्हतं ते काय बोलून गेले. मी फोन ठेवला. सोमवारी वडलांना निरोप गेला तो एवढाच, की पुस्तक छापायला घेतलंय. पानं परत आली तेव्हा मी पेन घेऊन बसले आणि माझं एकेक ‘नक्की करा’ खोडलं. प्रत्येक ‘आलो’खाली टिंबं, प्रत्येक ‘आले’खाली टिंबं, आणि समासात ‘राहू द्या’. साठ पानांना दोन दिवस लागले. एवढ्या वेळा ‘बाई चुकल्या’ मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तरी पुरं झालं नाही. छापायच्या आधीचं अगदी शेवटचं प्रूफ बघताना, खालच्या गावातल्या एका ‘पोचलो’चं ‘पोचले’ झालेलं दिसलं. टाइप करणारी आमची सुनंदा हसत म्हणाली, “ताई, तुमच्या नजरेतून एक राहिली होती. मीच दुरुस्त केली.” मी एवढ्या जोरात ओरडले की रियाजभाई मशीन बंद करून धावत आले. बिचारीचं काय चुकलं होतं? तिला मीच तयार केलेलं.

पुस्तक निघालं. आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘मुद्रितशोधन’ आणि पुढं माझं नाव. महिनाभरात सरांचा फोन. लेखकाच्या वडलांनी पुस्तक वाचलं होतं. “ते म्हणाले, वर्णन चांगलं आहे, पण चुका लई. प्रूफं कुणी बघितली? बाई झोपल्या होत्या काय?” आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. मी म्हणलं, “असं वाटलं का त्यांना? डोळा लागला असेल माझा.” मग कंधारच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चुकांची पानवार यादीच पाठवली, वर ‘भाषेचा खून’ असा मथळा देऊन. त्यांना मी आभाराचं पत्र लिहिलं. पण मुदखेडहूनही एक चिठ्ठी आली, वहीच्या फाडलेल्या पानावर, नाव नाही. ‘पान अकरावरची चूक पुढच्या आवृत्तीत पण दुरुस्त करू नका, प्लीज.’ ती चिठ्ठी मी शब्दकोशात ठेवली आहे.

वडलांबद्दल माझा संशय मात्र गेलेला नाही. त्यांनी पेन्सिलनं खुणा करून दिलेली प्रत सरांनी मला पाठवली होती. मी ती चाळली. चुका म्हणून त्यांनी फक्त ‘आलो’च्या जागांवर खुणा केल्या होत्या. ‘आले’च्या एकाही जागेवर नाही. आणि खुणा अशा पुसट, की खोडरबर लागलंच तर सहज निघाव्यात. शिक्षक माणूस, त्याला काय कळलं आणि काय कळून घ्यायचं नव्हतं? नक्की काय ते मी कधी विचारलं नाही, लेकरालाही नाही.

हा लेख लिहू का, असं मी लेकराला विचारलं होतं. म्हणालं, “लिहा काकू. नाव-गाव तेवढं बदला.” यंदा जूनमध्ये ते पुढं शिकायला पुण्याला गेलं. तीन वर्षं आमचे फोन चालू होते, आणि तीन वर्षं आम्ही दोघं वाक्यं फिरवून बोलत होतो. घर आलं का, जेवण झालं का, बस मिळाली का. मला तर त्याची इतकी सवय झाली होती की दूधवाल्यालाही मी तसंच बोलायला लागले. पण गाडी पुण्याला लागली त्या दुपारी फोन वाजला तेव्हा मी ताट वाढून घेतलं होतं, आणि माझ्याच्यानं वाक्य फिरवलं गेलं नाही.

“काकू, पोचलो.”

“बरं झालं. जेवलास का?”

मी ताट बाजूला सारलं आणि फोन कानाशी घट्ट धरला.

“जेवलो.”